रिकाम्या बंदरातली गर्दी

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या मराठी घरांमधले जुने फोटो मी गेली काही वर्षं स्कॅन करून देतो. परवा शेजारच्या काकू एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा गायकवाडी नोकरीत होते. ओखामंडळात, वहिवाटदाराच्या (तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या) कचेरीत कारकून. बडोदा संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. नवसारी एका बाजूला, अमरेली दुसऱ्या बाजूला आणि ओखामंडळ तर काठेवाडच्या पार टोकाला. द्वारका आणि बेट शंखोद्धार, म्हणजे बेट द्वारका, तिथलेच. इथल्या माणसाची बदली तिकडे झाली की घरात रडारड व्हायची, असं काकू सांगतात.

फोटो वहीच्या पानाएवढा, पातळ कागदावरचा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला. रंग चहासारखा तपकिरी, कडा पिवळट. समोर दगडी धक्का, त्याला लागून गाळात टेकलेली चार गलबतं, मागे लांबवर द्वारकाधीशाचं शिखर. माणूस एकही नाही. पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने मोडीत एक ओळ: रूपेण बंदर, कार्तिकी पुनव, गर्दी फार.

रूपेण म्हणजे द्वारकेचं बंदर, गावाच्या उत्तरेला. काकूंना मोडी येत नाही, ती ओळ मी वाचून दाखवली. त्या बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. "अरे, यात गर्दी कुठंय? आणि देवळावर ध्वजसुद्धा नाही. ध्वजाशिवाय शिखर कधी असतं का?"

लिहिणाऱ्याने खरंच लिहिलं होतं. गर्दी होती, ध्वजही होता. तेव्हा फोटो आधी काचेवर घेत आणि तिच्यावरून कागदावर उतरवत. त्या काचेवर ते उमटलं नाही, इतकंच. ते का उमटलं नाही हे एकदा कळलं की जुन्या बंदराचा, बाजाराचा, घाटाचा कुठलाही फोटो वाचता येतो. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आज फोनने भर उन्हात फोटो काढताना सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याइतका वेळ उजेड आत गेला तरी काम होतं. 1851 मध्ये लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत पुढे तीसेक वर्षं जगभर चालली. तिच्यात बाहेरच्या देखाव्याला चांगल्या उन्हातही काही सेकंद लागायचे, उजेड मंद असला तर वीस-तीस सेकंदही. ही काच विकत मिळत नसे, फोटोग्राफर ती जागच्या जागी तयार करायचा. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला चिकट कोलोडियन काचेवर ओतायचा, काच हलवून तो चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा, मग अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची. बाहेर काढली की ती उजेडाला जागी झालेली असे, पण फक्त ओली असेपर्यंत. विलायतेत दहाएक मिनिटं मिळत. आपल्याकडच्या उन्हात ईथर भराभर उडून जातो, त्यामुळे तेवढीही मिळत नसत. तेवढ्या वेळात पळत जाऊन काच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं, पळत तंबूत परत यायचं आणि काच धुवायची.

बंदरावर तर आणखी एक अडचण असे. चांदीचं द्रावण करायला शुद्ध गोडं पाणी लागतं. मीठ असलेलं पाणी त्यात पडलं की ताकासारखा पांढरा साका तळाशी बसतो; मीठ आणि चांदी यांची जोडी जमते आणि महागाची चांदी वाया जाते. ओखामंडळासारख्या कोरड्या भागात, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, हा माणूस काचांच्या पेट्या, बाटल्या, तंबू आणि गोड्या पाण्याचे डबे घेऊन गाडीने आला असणार. एका फोटोमागे एवढा संसार असायचा. म्हणून अशा ठिकाणचे फोटो थोडे आहेत आणि म्हणूनच प्रत्येकाकडे थांबून बघायला हवं.

आता माणसं कुठे जातात ते बघू. माणूस साध्या चालीने सेकंदाला एक मीटर जातो असं धरा. तो जवळपास अर्धा मीटर रुंद. म्हणजे धक्क्यावरच्या कुठल्याही एका जागेसमोर तो अर्धा सेकंद असतो. काच दहा सेकंद उघडी असेल तर त्या जागेचा विसाव्या हिश्श्याइतका उजेड त्या माणसाचा आणि बाकी एकोणीस हिस्से मागच्या भिंतीचे. काच प्रामाणिकपणे बेरीज करते, आणि त्या बेरजेत माणूस हरवतो. जो माणूस निम्मा वेळ उभा राहिला आणि मग निघून गेला, तो पारदर्शक दिसतो. त्याच्या पोटातून मागची भिंत दिसते. घरोघरी अशा फोटोंना "भुताचा फोटो" म्हणतात. ते कुणाचं तरी घाईचं पाऊल असतं.

यातली खरी मेख पुढेच आहे. गडद वस्तू उजळ पार्श्वभूमीवर हलली तर साफ पुसली जाते. उजळ वस्तू गडद पार्श्वभूमीवर हलली तर मागे रेघ सोडते, कारण पांढरं कापड अर्ध्या सेकंदातसुद्धा काळ्या दगडापेक्षा जास्त उजेड फेकतं. हे लक्षात घेऊन मी काकूंच्या फोटोवर भिंग धरलं. धक्क्याच्या काळ्या दगडावर, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत, फिकट पांढरे फराटे होते. एक, दोन, मग एकमेकांत मिसळलेले पाच-सात. वर धड नाही, डोकं नाही. ती धोतरं होती. हमालांची, खारव्यांची, यात्रेकरूंची. सावळी उघडी अंगं काळ्या दगडात विरून गेली आणि पांढरी धोतरं तेवढी चालत राहिली. काकूंच्या हातात भिंग दिलं तेव्हा त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगंबाई, किती आहेत ही!"

ध्वजाचंही हेच. द्वारकेचा बावन्न गजी ध्वज समुद्राच्या वाऱ्यावर सारखा फडफडत असतो. मागे आकाश फक्क पांढरं. गडद कापड आत्ता इथे, पुढच्या क्षणी तिथे, आणि प्रत्येक जागी उरलेला सगळा वेळ आकाश. काठी दिसते, ध्वज आकाशाने खाल्लेला असतो. भिंगातून काठीच्या उजव्या बाजूला आकाश जरा मळकट दिसतं, तेवढीच त्याची खूण.

आणि आकाश इतकं पांढरं का? कार्तिकात द्वारकेचं आकाश निळंशार असतं. पण ती जुनी काच फक्त निळा आणि जांभळा उजेड ओळखायची. पिवळा तिला जेमतेम कळे, लाल तर मुळीच नाही. म्हणून तर फोटोग्राफर तंबूत पिवळ्या-नारिंगी कापडातून येणाऱ्या उजेडात निर्धास्त काम करायचा. निळं आकाश तिच्या लेखी झगझगीत दिवा. ढगही त्यातच बुडून जात. समुद्राचे फोटो काढताना आकाशाची वेगळी काच आणि पाण्याची वेगळी काच घेऊन दोन्ही एका कागदावर जोडण्याची युक्ती फ्रान्सच्या ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 च्या दशकात वापरली, ती याच अडचणीपायी.

घरातले जुने फोटो बघताना हे पक्कं ध्यानात ठेवा, नाहीतर माणसांबद्दल भलतंच काही ठरवून बसाल. लाल पगडी काळी येते. कुंकू काळं येतं. हळद लावलेला चेहरा डागाळलेला दिसतो, आणि एकूणच आपली कातडी आहे त्याहून दोन छटा गडद येते. उलट फिकी निळी साडी जवळजवळ पांढरी दिसते. रावपुऱ्यातल्या एका घरी पणजीची बहीण "पांढऱ्या लुगड्यात आहे, म्हणजे विधवा झाल्यावरचा फोटो" असं सगळे धरून चालले होते. तिच्या कपाळावर काळा ठळक टिळा दिसत होता, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. तो टिळा कुंकवाचा होता आणि लुगडं बहुधा आकाशी. आपल्याकडे सोवळ्या बाईचं, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेचं, आलवण (लुगडं) लाल असे, ते या काचेवर काळं आलं असतं. एका रंगाच्या गैरसमजाने त्या बाईचं आयुष्य घरच्यांनी पन्नास वर्षं चुकीचं सांगितलं होतं. मला याचं फार वाईट वाटलं.

ही उणीव हळूहळू गेली. काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरवा-पिवळाही ओळखते, हे जर्मनीच्या हेर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये दाखवलं. लालसकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला 1906 उजाडलं. साधे स्वस्त फोटो त्यानंतरही बरीच वर्षं लाल रंगाला आंधळेच राहिले.

पुन्हा बंदराकडे येतो. पाणी बघा. लाटा नाहीत, साय धरलेल्या दुधासारखा सपाट पांढरेपणा. त्या दिवशी समुद्र शांत होता असं यावरून म्हणता येत नाही. दहा सेकंदांतल्या सगळ्या लाटांची ती सरासरी आहे. पाण्यावर तरंगणारं गलबत डुलतं, त्यामुळे त्याची डोलकाठी दोन-दोन, तीन-तीन उमटते. फोटोग्राफरला हे नको असतं. म्हणून तो ओहोटीची वेळ धरायचा, गलबतं गाळात घट्ट बसलेली असताना. त्या काळच्या इतक्या बंदरांच्या फोटोंत चिखल का दिसतो, याचं कारण मला तरी हेच वाटतं.

आणि ओहोटीवरून एक छान पडताळा घेता आला. आपल्या किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. साधारण सव्वाअकराला भरती म्हणजे सहा तास आधी, पहाटे सव्वापाचच्या सुमारास, ओहोटी. जागेनुसार यात थोडं पुढेमागे होतं, पण पौर्णिमेला उजाडताना पाणी खूप मागे गेलेलं असतं हे नक्की. फोटोत डोलकाठ्यांच्या सावल्या लांबलचक आहेत आणि समुद्राकडे पडल्या आहेत. समुद्र पश्चिमेला, म्हणजे सूर्य पूर्वेला. सकाळ. मोडीतली "पुनव" आणि फोटोतला गाळ एकमेकांना साक्ष देतात. शिवाय सकाळच्या कोवळ्या उजेडात पिवळा जास्त, निळा कमी. काच जास्त वेळ उघडी ठेवावी लागली असणार, आणि म्हणूनच माणसं इतकी पुसली गेली असणार. सगळे धागे जुळून येतात तेव्हा मला या कामात फार आनंद होतो.

कार्तिक म्हणजे गलबतांचा हंगामही. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेपर्यंत, गलबतं किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. तेव्हा झावळ्यांनी शाकारलेली, शीड उतरवलेली गलबतं दिसली तर तो आषाढ-श्रावणातला फोटो समजा. शीड काठीला गुंडाळलेलं, दोर ताणलेले, धक्क्यावर गोण्या असं दिसलं तर बंदर चालू आहे.

माणसांनी भरलेले त्या काळचे फोटो नाहीतच असं मात्र नाही, पण तिथे जास्त सावध राहावं लागतं. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसं फार लवकर या कलेत आली. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. पहिल्या खंडात गुजरात, कच्छ आणि काठेवाडचे लोक आहेत. त्यांतली माणसं स्टुडिओत उभी करून फोटो काढला आणि मग ती कापून मुंबईच्या बाहेरच्या देखाव्यावर बसवली. बघताना वाटतं, काय सहज उभे आहेत हे व्यापारी रस्त्यावर! पायाखालच्या सावल्या बघा म्हणजे जोड कळतो. गर्दी दाखवायची तर ती अशी बनवावी लागे.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि 1878 नंतर तशा काचा तयार डब्यांत विकत मिळू लागल्या. तंबू गेला, चांदीचं पाणी गेलं, उजेड सेकंदाच्या अंशात पुरू लागला. फोटोत लाटा आल्या, कुत्री आली, पळणारी पोरं आली. आपल्या वडोदऱ्यात 1890 मध्ये कलाभवन सुरू झालं, तिथे दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले. म्हणजे ते शिकले तेव्हा हलतं माणूस पकडणं ही नवलाई अगदी ताजी होती. पुढे 1913 मध्ये त्यांनी चित्रंच चालती केली.

काकूंचा फोटो त्या बदलाच्या आधीचा वाटतो. कागदावरूनही तसंच दिसतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला हा कागद, त्याला आल्ब्युमेन म्हणतात. तो इतका पातळ की पुठ्ठ्यावर डकवला नाही तर सुरळी होतो. भिंगातून कागदाचे तंतू आणि लेपावरच्या बारीक भेगा दिसतात. नंतरच्या जिलेटिनच्या कागदावर तंतू दिसत नाहीत, खाली पांढरा थर असतो, आणि दमट हवेत त्याच्या काळ्या भागांवर आरशासारखी निळसर चकाकी येते. बाकी खुणा चित्रातच असतात. मंगळुरी कौलं दिसली तर 1865 नंतरचं, कारण तोवर मंगळूरला त्यांचा कारखानाच नव्हता. ओख्याला मोठा धक्का आणि मोठी जहाजं दिसली तर 1926 नंतरचं; ते बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत त्या वर्षी सुरू झालं.

जे चौकटीतच आलं नाही त्याचाही विचार करायला हवा. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ओखामंडळाच्या किनाऱ्यावर वाघेर लोक उघड्या पडलेल्या खडकांत चालत जाऊन हाताने शंख वेचायचे. ते शंख बंगालपर्यंत जात आणि तिथल्या सवाष्णींच्या हातात पांढऱ्या बांगड्या होऊन राहत. बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून या समुद्राची पाहणीच करून घेतली, तिचे अहवाल 1909 आणि 1916 मध्ये छापले गेले. म्हणजे काकूंच्या फोटोतल्या त्या सकाळी, चौकटीच्या बाहेर कुठेतरी, माणसं घोटाभर पाण्यात वाकलेली असणार. बायका तर या काळातल्या बंदरांच्या फोटोंत क्वचितच येतात. कॅमेरा धक्क्यावर लागायचा, कचेरीच्या दारात लागायचा. पाण्याच्या वाटेवर किंवा मासे सुकवायच्या जागेवर तो कुणी लावत नसे. तिथे पैसे देणारा कुणी नव्हता.

फोटो जपायचा कसा, हे काकूंनी आपणहून विचारलं. ओल्या फडक्याने पुसू नका. आल्ब्युमेनचा लेप पाण्याने खराब होतो. चिकट पानांचे अल्बम नकोत. लॅमिनेशन तर अजिबात नको. एका घरचा मुंजीचा जुना फोटो कुठल्याशा दुकानात लॅमिनेट करून आणला होता, आता तो प्लास्टिकपासून वेगळा काढता येत नाही आणि आतल्या आत पिवळा पडत चालला आहे. पुठ्ठा वाकवू नका, पातळ कागद त्याच्याबरोबर तडकतो. आम्लरहित कागदाचं पाकीट मिळतं, त्यात ठेवा. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात नको. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, पाकिटावर, फोटो आत घालायच्या आधी. स्कॅन करताना पुढची बाजू निदान 600 डीपीआयला, आणि मागची बाजूही तितक्याच काळजीने. या फोटोची मागची बाजू नसती तर आम्ही पुढच्या बाजूवर धोतरं शोधलीच नसती.

स्कॅन होईपर्यंत काकू भिंग घेऊन बसल्या आणि बोट न टेकवता धोतरं मोजू लागल्या. एकतीसपर्यंत मला ऐकू येत होतं. मग त्या धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या, तिथे गलबताच्या सावलीत फराटे दाट आहेत. मी पाकीट घेतलं आणि पेन्सिलीने लिहिलं: रूपेण बंदर, कार्तिकी पौर्णिमा, सकाळ, ओहोटी.